किल्ली बारा नंबरमध्ये

किल्लीवाल्याने कुलपाला हातसुद्धा लावला नाही. खाली वाकून त्याच्या भोकात एकदा डोकावला आणि मान हलवली. "हे उघडायचं नाही ताई. लिव्हरवालं आहे, जुनं आहे. कापावं लागेल." मी म्हटलं, कापा. खोलीचा ताबा त्याच दिवशी द्यायचा होता, बिल्डरचा माणूस जिन्यापाशी कागद घेऊन उभा होता आणि किल्ली काही सापडत नव्हती. आई गेल्यापासून तिची पर्स, शिवणाचा डबा, पोथी बांधायचं फडकं, सगळं तीन-तीनदा उलथंपालथं करून झालं होतं. त्याने पिशवीतून छोटा ग्राइंडर काढला, समोरच्या रिकाम्या खोलीतून वायर ओढून घेतली आणि डोळे बारीक करून कडीवर टेकवला. ठिणग्या गॅलरीच्या लाकडी कठड्यापर्यंत उडाल्या. जळक्या लोखंडाचा तो कडवट वास मला लहानपणापासून माहीत होता, मिलचा होता तो. दोन मिनिटांत कडी तुटली. त्याने कुलूप माझ्या हातावर ठेवलं तेव्हा ते इतकं तापलं होतं की मी ते पदरात धरलं.

आठ दिवसांनी बदलापूरहून फोन आला. बारा नंबरच्या काकू. त्यांना चाळ सोडून पंधरा वर्षं झाली, पण आमच्यासाठी त्या अजून बारा नंबरच्याच. "काय गो, खोल्या खाली करतायत म्हणे? अगो, तुमची किल्ली माझ्याकडे आहे हो. कधी येतेस न्यायला?"

"येते काकू, रविवारी येते," एवढंच मी म्हटलं. कुलूप कापलं हे काही सांगितलं नाही.

मग चार दिवस ते मनातून जाईना. कापलेल्या कुलपाचं वाईट वाटत होतं, पण त्याहून जास्त टोचत होतं ते हे, की किल्ली शोधताना मला काकू आठवल्याच नाहीत. आईच्या सगळ्या पिशव्या मी उपसल्या, भावाला पुण्याला फोन केला, पण किल्ली शेजारी ठेवलेली असते हे ज्या घरात मी वाढले त्याच घराचं कुलूप उघडताना मला सुचलं नाही. आमच्या चाळीत दाराला दिवसा कुलूप नसायचंच. पडदा असायचा, फार तर कडी ओढलेली. कुलूप निघायचं ते गावी जाताना, आणि कुलूप लावलं की त्याच पावली किल्ली बारा नंबरमध्ये जायची. दुसरी किल्ली आईच्या कमरेला. म्हणजे कुलूप परक्यांसाठी, किल्ली शेजाऱ्यांसाठी. यात काही ठरवाठरवी नव्हती, कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. पावसाळ्यात कौलं गळली तर कोणी आत जाऊन पातेलं ठेवायचं? घरच्या देवाला दिवा कोणी लावायचा? त्यासाठी किल्ली.

ते कुलूप आमच्या घरात आलं १९८२ साली. त्याआधी एक अलिगढी कुलूप होतं, पितळेचं, गोल पोटाचं, ते मी हेअरपिनने उघडून दाखवायचे आणि वडील मला रागवायचे. जानेवारीत मिल कामगारांचा संप सुरू झाला. सुरुवातीला सगळ्यांना वाटत होतं पंधरा दिवस, फार तर महिना. उन्हाळा आला तसे गॅलरीतले आवाज कमी व्हायला लागले, एकेक बिऱ्हाड कोकणात, घाटावर जायला लागलं. अडीच लाख माणसं कामावरून बाहेर होती, आणि मुंबईत बसून खाण्यापेक्षा गावी राहून खाणं स्वस्त होतं. आम्हाला तिघांना रत्नागिरीला पोचवायच्या आदल्या दिवशी वडील नवीन कुलूप घेऊन आले. गोदरेजचं. पैसे कुठून आणले कोण जाणे. आई बोलली नाही, पण तिचं तोंड उतरलं होतं. एवढं महाग कुलूप घेतलं याचा अर्थ लवकर परत यायचं नाही, हे तिला त्या कुलपाच्या वजनावरून कळलं असणार.

आमच्याकडे कुलूप आणि टाळं हे दोन शब्द वेगळे होते. कुलूप घराला लागतं, टाळं मिलला. कुलपाला किल्ली असते, ती कोणाकडे तरी असते. टाळं मात्र 'ठोकतात'. त्या वर्षानंतर आमच्या आजूबाजूला इतकी टाळी ठोकली गेली की त्या शब्दाचा आवाजच बदलला.

त्या चार दिवसांत मी त्या कुलपाच्या घराण्याचं मिळेल ते वाचत बसले. रिकामपण होतं, आणि आई नसल्याने संध्याकाळी कोणाला फोन करायचा नव्हता. थोडंफार माहीत होतंच. आर्देशीर गोदरेज, पारशी, वकील, लालबाग. पण लालबागमध्ये नेमकं कुठे, ते आत्ता कळलं. ७ मे १८९७ ला त्यांनी कुलपं बनवायला सुरुवात केली ती बॉम्बे गॅस वर्क्सला लागून असलेल्या २१५ चौरस फुटांच्या शेडमध्ये. गॅस वर्क्स! आम्ही आयुष्यभर 'गॅस कंपनी' 'गॅस कंपनी' म्हणत आलो, गॅस कंपनी लेनमधून शाळेत गेलो, आणि कुठल्या गॅसची कुठली कंपनी हे कधी विचारलं नाही. २१५ चौरस फूट म्हणजे आमच्या दोन खोल्यांपेक्षाही थोडं कमी. तेवढ्यात बारा कारागीर, गुजरातहून आणि मलबारहून आलेले. मे महिन्यात, पत्र्याखाली. कानशीने किल्लीचे दात घासत. मी डोळे मिटले की मला ती शेड चाळीतल्या आमच्या मजल्यासारखीच दिसते, घामाची आणि धातूच्या किसाची.

आर्देशीर त्या वेळी २९ वर्षांचे होते आणि तोवर त्यांचं बहुतेक सगळं मोडून झालं होतं. त्यांची बायको बच्चूबाई. लग्नाला जेमतेम वर्ष झालं असेल. २५ एप्रिल १८९१ ला ती नात्यातल्या एका मुलीबरोबर राजाबाई टॉवर बघायला गेली आणि दोघी तिथून पडून गेल्या. कशा पडल्या याचा निकाल कधी नीट लागला नाही. सगळी मुंबई तेव्हा त्याबद्दल बोलत होती. आर्देशीरनी पुन्हा लग्न केलं नाही. मी कितीतरी वेळा त्या टॉवरखालून गेले आहे, विद्यापीठात परीक्षेचे फॉर्म भरायला. आता वर बघितलं की मला घड्याळ दिसणार नाही.

नंतर ते वकील झाले आणि १८९४ मध्ये एका खटल्यासाठी झांझिबारला गेले. तिथे त्यांच्या लक्षात आलं की आपल्या अशिलाची बाजू आपल्याला पटत नाही, ती खरी आहे असं आपण कोर्टात म्हणू शकत नाही. अशिलाने समजावलं असणार, वरिष्ठांनी समजावलं असणार. वकिलाला कुठे सगळं खरं बोलावं लागतं? पण त्यांच्याने ते झालं नाही. वकिली सोडून ते परत आले. मुंबईत एका औषधांच्या दुकानात मदतनीस म्हणून लागले आणि तिथे त्यांना शस्त्रक्रियेची हत्यारं बनवायची कल्पना सुचली. शल्यकर्माच्या सुऱ्या, चिमटे, कात्र्या. वडिलांचे स्नेही मेरवानजी कामा यांनी ३,००० रुपये कर्जाऊ दिले. माल चांगला उतरला. विकणारी इंग्रज पेढी घ्यायला तयार होती, फक्त त्यावर भारतात बनवल्याचं लिहायचं नाही, एवढीच अट. भारतातली सुरी म्हटल्यावर कोण डॉक्टर हातात घेईल, असं त्यांचं म्हणणं. आर्देशीरनी तो धंदाच सोडून दिला.

मी इथे बराच वेळ थांबले. धार लावलेली पाती, तयार, चकचकीत, आणि ती कोणाच्याही हातात गेली नाहीत. पुढे सगळे सांगतात ती गोष्ट कुलपांची आहे. पेपरात मुंबईतल्या घरफोड्यांची बातमी वाचून त्यांच्या मनात कुलपं आली, कामांनी पुन्हा पैसे दिले, कामांचा पुतण्या बॉइस भागीदार म्हणून आला. तो लवकरच बाहेर पडला, पण त्याचं नाव कंपनीच्या पाटीवर कायम राहिलं. मला मात्र कुलपांच्या आधीची ती पाती दिसत राहतात. त्या माणसाने आयुष्यात दोनदा एकाच जागी पाय रोवला. खोटं बोलायचं नाही, आणि खरं लपवायचं नाही. कोर्टात एकदा, दुकानात एकदा. त्यानंतर त्याने कुलपं केली. कुलूप कोणाच्या बोलण्याने उघडत नाही. हा माझा जोडलेला अर्थ आहे, त्यांनी असं कुठे म्हटलेलं नाही, पण तो मला खरा वाटतो.

आत काय असतं ते मी एकदा पाहिलं होतं. बारा नंबरचे काका मिलमध्ये मेकॅनिक खात्यात फिटर होते. रविवारी गॅलरीत 'लोकसत्ता' पसरून ते कोणाचं ना कोणाचं काहीतरी दुरुस्त करत बसायचे, स्टोव्ह, शिवणयंत्र, छत्री. एकदा त्यांनी एक जुनं लिव्हरचं कुलूप उघडलं. रिव्हेट छिन्नीने उडवले आणि वरचं झाकण अलगद उचललं. आत पितळेच्या पातळ पट्ट्या एकीवर एक, पत्त्यांसारख्या. प्रत्येक पट्टीला खाच, पण प्रत्येकीची खाच वेगळ्या उंचीवर. काकांनी किल्ली घातली आणि हळूहळू फिरवली. पट्ट्या उठल्या, कोणी थोडी, कोणी जास्त, आणि एका क्षणी सगळ्या खाचा एका रांगेत आल्या. "बघ, आता वाट झाली," ते म्हणाले. खिटी त्या वाटेतून सरकली. मग त्यांनी दुसरीच एक किल्ली घातली. चार पट्ट्या बरोबर उठल्या, पाचवी केसभर जास्त. वाट बंद. "एक जरी जास्त उचलली ना, तरी नाही. कमी नाही चालत, जास्तही नाही चालत." त्यांच्या बोटांची नखं काळी होती आणि त्या पट्ट्या ते इतक्या हळुवार उचलत होते की मला वाटलं त्या फुलांच्या आहेत. पट्ट्या खाली दाबून धरणाऱ्या स्प्रिंगा कालांतराने सैल पडतात, तिथे कुलूप हारतं, हेही त्यांनीच दाखवलं. म्हणून गोदरेजांनी स्प्रिंग नसलेलं कुलूपही काढलं होतं, हे मी आता वाचलं आणि काका आठवले. त्यांना ते ऐकून केवढा आनंद झाला असता.

अशा कुलपांची मूळ विद्या इंग्लंडची. चब नावाच्या माणसाने १८१८ मध्ये असं लिव्हर कुलूप काढलं की कोणी चुकीची किल्ली घातली तर आतली एक पट्टी वर अडकून बसायची आणि मालकाला कळायचं, आपल्यामागे कोणीतरी प्रयत्न करून गेलं आहे. पुढे १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकन माणसाने ते कुलूप २५ मिनिटांत उघडलं. तोवर अजिंक्य मानलेलं, ब्रामा नावाच्या इंग्रजाचं कुलूपही त्याने उघडलं, पण त्याला १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले. ५१ तास! एका कुलपापुढे. आमच्या कुलपाच्या वाट्याला दोन मिनिटं आली, आणि तीही त्याच्या आतल्या पट्ट्यांना कोणी न विचारता. किल्लीवाल्याला दोष नाही. त्याने तर आधीच सांगितलं होतं, हे उघडायचं नाही म्हणून.

गोदरेजांचं पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. तिजोऱ्या, कपाटं, साबण. पहिल्या साबणाचं नाव 'चावी' होतं, १९१८ सालचा, चरबी न घालता वनस्पती तेलाचा. कुलूपवाल्याने साबणालाही चावी म्हणावं हे मला फार आवडलं. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडाला आर्देशीरनी तीन लाख रुपये दिले, आणि तरीही स्वदेशी म्हणून वाईट माल लोकांनी सोसावा हे त्यांना कधी पटलं नाही. माल आधी चांगला हवा, मग स्वदेशी. १९२८ मध्ये धंदा धाकट्या भावाच्या, पिरोजशांच्या हाती देऊन ते नाशिकला शेती करायला गेले आणि १९३६ मध्ये वारले. पिरोजशांनी विक्रोळी उभी केली. पहिल्या निवडणुकीच्या लाखो मतपेट्या तिथे झाल्या, आणि त्या पेटीला बाहेरून कुलूप न लावता आतूनच बंद व्हायची युक्ती कारखान्यातल्याच एका कामगाराला सुचली म्हणतात. हे वाचलं तेव्हा पुन्हा काका आठवले. असे किती फिटर, किती मिस्त्री त्या काळात आमच्या आसपास होते, ज्यांना कोणी कागद पेन्सिल दिली असती तर!

कुलूप कापल्यावर आत गेले तेव्हा खोलीत कोंदट, गार हवा होती. आईने सगळं झाकून ठेवलं होतं. देव्हाऱ्यात देव नव्हते, ते आमच्याकडे आधीच आणलेले, पण दिव्याच्या तेलाचा काळा डाग तसाच होता. भिंतीतल्या फडताळात वडिलांचा दाढीचा डबा. उघडला तर तुरटीचा खडा, केस झडलेला ब्रश, छोटा आरसा, आणि रेझर. दांड्याला जाळीदार नक्षी, डोकं घट्ट फिरवलेलं. उघडलं तर आत ब्लेड तसंच, कडेला गंज. शेवटची दाढी त्यांनी हॉस्पिटलला जायच्या सकाळी केली होती.

वडील दाढी गॅलरीत करायचे, कठड्याला आरसा टेकवून. संपाच्या काळात ते एकाच ब्लेडवर आठवडेच्या आठवडे काढायचे. काचेचा पेला घ्यायचे, ब्लेड आतल्या गोलाईवर बोटाने दाबून मागेपुढे घासायचे, एका बाजूने वीस वेळा, दुसऱ्या बाजूने वीस वेळा. तो आवाज, काचेवर पात्याचा, बारीक, दात शिवशिवणारा. मला त्याची चीड यायची. हे रेझर ज्या अमेरिकेतल्या जिलेटने आणलं त्याची सगळी कल्पनाच मुळी फेकून द्यायच्या ब्लेडची होती. पहिल्या वर्षी, १९०३ मध्ये, त्याचे ५१ रेझर खपले, पुढच्या वर्षी ९० हजारांवर. माणसांना फेकता येईल असं पातं मिळालं. आमच्याकडे ते फेकलं जात नव्हतं. पेल्याच्या तळाशी बारीक काळपट पूड उरायची, मग वडील तो पेला तीनदा विसळून त्यातच चहा घ्यायचे.

रेझर मी पदरात बांधलं, कुलपाशेजारी. बाकीचं भंगारवाल्याने नेलं.

रविवारी बदलापूरला गेले. काकू दारातच उभ्या होत्या. पाठीत वाकल्यात, पण नजर तीच. चहा झाला, आईचं झालं, दोघी रडलो. मग त्यांनी कपाटातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला. त्यात काकांचं रिटायरमेंटचं पत्र, एक मंगळसूत्राची वाटी, आणि हातरुमालात बांधलेली किल्ली. गाठ सोडायलाच त्यांना वेळ लागला. "तुमी गावाला होता ना त्या वर्षी, दर गुरुवारी उघडून दिवा लावायची मी. ह्यांनी सांगितलेलं, आत थांबत जा जरा, घर एकटं पडता नये." हे मला माहीत नव्हतं. दिव्याचं माहीत होतं, थांबण्याचं नव्हतं.

किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली. मला तिथे गप्प राहता आलं असतं. किल्ली पर्समध्ये टाकून, पाया पडून निघता आलं असतं, आणि काकू समाधानाने झोपल्या असत्या. त्या चार दिवसांत झांझिबारच्या त्या तरुण वकिलाबद्दल वाचलं नसतं तर कदाचित मी तेच केलं असतं.

"काकू, कुलूप कापलं मी," मी म्हटलं. "किल्ली सापडली नाही. तुमच्याकडे असेल हे मला आठवलंच नाही."

त्या काही बोलल्या नाहीत. मी पिशवीतून कुलूप काढून त्यांच्यासमोर ठेवलं. कडीचा अर्धा आकडा तेवढा राहिला होता, कापलेल्या जागी लोखंड निळसर झालेलं. त्यांनी ते हातात घेऊन उलटंसुलटं केलं, पदराने पुसलं, मग माझ्या हातातली किल्ली घेतली, कुलपात घातली आणि फिरवली. आत पट्ट्या उठल्याचा तो ओळखीचा, दबका आवाज झाला. उरलेला आकडा वर उसळला.

"चालू हाय की," काकू म्हणाल्या.

मग पुन्हा दाबून बंद केलं, कुलूप माझ्या पिशवीत ठेवलं, आणि किल्ली रुमालात बांधून डब्यात टाकली. "कुलूप तू ने. ही राहू दे माझ्याकडेच, पहिल्यापासून माझ्याकडेच असायची."

मी हो म्हटलं. त्यांनी डब्याचं झाकण तळहाताने दोनदा ठोकून घट्ट बसवलं आणि मला विचारलं, जेवायला थांबतेस ना?